नाही म्हणायच्या आधी

त्या सकाळी झेड पुलाच्या तोंडाशी एक कुत्रं रिक्षाच्या पुढून अचानक बाहेर आलं, आणि केतकीला ते दिसायच्या आधीच गाडी थांबलेली होती.

नीट सांगायचं तर आधी गाडी थांबली, मग केतकीच्या बोटांनी ब्रेक दाबला, आणि त्यानंतर तिला कुत्रं दिसलं. ते शेपूट पायात घालून पलीकडे पळालं. मागचा टेम्पोवाला "ओ ताई, मधेच काय थांबता!" असं ओरडत बाजूने निघून गेला. केतकी मात्र पाय टेकवून तशीच उभी राहिली. गाडी तिच्या मांड्यांमध्ये शांत होती, श्वास रोखून धरलेल्या जनावरासारखी.

केतकी गराडे ही वायुजा मोटर्सची टेस्ट रायडर. नवी गाडी बाजारात यायच्या आधी ती खड्ड्यांतून, गर्दीतून, चिखलातून पिदडायची आणि तिची खोड इंजिनियरांना सांगायची, हे तिचं काम. तळेगावच्या घरी तिच्या वडिलांना ते अजूनही कुणाला समजावून सांगता येत नसे. "मुलगी गाड्या चालवते," एवढंच ते म्हणत. कंपनीच्या ट्रॅकवर सगळ्याच गाड्या गुणी असतात, खरी परीक्षा टिळक रस्त्यावर, असं केतकीचं ठाम मत होतं. म्हणूनच 'चपळा'ची गर्दीतली चाचणी तिच्याकडे आली होती.

चपळा बॅटरीवर चालणारी स्पोर्ट्स बाइक होती. लाल, निमुळती, आणि दोन माणसांनी धरून उचलावी इतकी हलकी. पण तिची खरी करामत हेल्मेटमध्ये होती. ती डॉक्टर नझीर इनामदारांनी बनवली होती. डॉक्टर मेंदूचे अभ्यासक, मूळचे साताऱ्याचे. त्यांनी पहिल्याच दिवशी कॅन्टीनमध्ये केतकीसमोर चहा ठेवला.

"कप उचला," ते म्हणाले.

तिने उचलला.

"कधी ठरवलंत उचलायचं?"

"तुम्ही म्हणालात तेव्हा. आत्ता."

"उचलते असं तुम्हाला वाटलं, त्याच्या आधीच तुमच्या मेंदूत तयारी सुरू झाली होती. साधारण अर्धा सेकंद आधी. आतून एक लाट उठते, हळूहळू चढते, आणि ती बरीच वर आल्यावर मग तुम्हाला वाटतं, हे मी ठरवलं. हात त्यानंतर हलतो." त्यांनी हेल्मेट उलटं करून दाखवलं. आतल्या मऊ गादीत बारीक बारीक चकत्या बसवल्या होत्या. "ह्या चकत्या ती लाट पकडतात. हँडलच्या मुठी तुमच्या स्नायूंतली वीज पकडतात. दोन्ही जुळलं की गाडी कामाला लागते. तुमच्या बोटांची वाट बघत नाही. शहरातल्या निम्म्या टकरी त्या अर्ध्या सेकंदातच होतात हो."

"म्हणजे मी फक्त वर बसून राहायचं?"

"तुम्ही हो म्हणायचं. किंवा नाही." इनामदार हसले. "बहुतेक वेळा आपण नाहीच म्हणतो. मेंदू दिवसभर मांडव घालत असतो आणि उतरवत असतो. लग्नं फार थोडी लागतात."

केतकीला ते बोलणं आवडलं. तिने ते संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं, आणि त्याबद्दल पुढे फार विचार केला नाही.

काही आठवड्यांत चपळाला केतकीची ओळख पटली. मग त्या दोघींचं जे जमलं, ते केतकीने आजवर कुठल्याच गाडीवर अनुभवलं नव्हतं. पीएमटीची बस आणि दुभाजक यांच्यातली फट दिसली की गाडी त्या फटीतून पार झालेली असे. वळायचं मनात यायचा अवकाश, गाडी कललेली असे. पहिल्या पहिल्यांदा अंगावर काटा यायचा. नंतर दुसऱ्या गाडीवर बसलं की ती बहिरी वाटायला लागली.

तिचा नवरा हर्षद याचं टिळक रस्त्यावर चष्म्याचं दुकान होतं. चाचणीचा मार्ग त्यावरूनच जायचा. केतकी यायच्या सुमाराला तो दुकानाबाहेर फुटपाथवर येऊन उभा राही आणि हात वर करी. शांत माणूस. गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा बसवताना श्वाससुद्धा हळू घेणारा. लग्नानंतर इतकी वर्षं झाली तरी त्याला केतकी रस्त्यावरून जाताना बघायची हौस होती.

आणि त्याच ठिकाणी गाडी उडी मारायची.

अगदी छोटी उडी. हर्षद दिसला की क्षणभर गाडी पुढे झेपावायची आणि लगेच सावरायची. पहिल्यांदा केतकीला वाटलं, रस्त्याला उंचवटा आहे. पण तो नसला, दुकानाचं शटर बंद असलं, की गाडी तिथून सरळ जायची.

"तू दिसलास की गाडी उडी मारते," तिने एकदा जेवताना सांगितलं.

हर्षदच्या चेहऱ्यावर एकदम लाली चढली. "खरं सांगतेस?"

"देवाशप्पथ. मला कळायच्या आधी."

"म्हणजे अजून प्रेम आहे म्हणायचं," तो म्हणाला, आणि त्याने तिच्या ताटात स्वतःच्या वाटणीचा पापड ठेवला. दुसऱ्या दिवशी त्याने ही गोष्ट शेजारच्या स्टेशनरीवाल्याला सांगितली, मग आपल्या बहिणीला. केतकीला लाज वाटली, पण बरंही वाटलं. माणसाला स्वतःच्या मनाचं असं आतून प्रमाणपत्र कुठे मिळतं?

त्या मंगळवारी ती डबा घरी विसरली. हर्षद तो दुकानात घेऊन आला, आणि ती येताना दिसल्यावर डबा डोक्यावर उंच धरून हसत हसत फुटपाथवरून खाली उतरला.

केतकीला त्याचा चेहरा दिसला. डबा दिसला. तिला वाटलं, थांबायला हवं. पण तोवर गाडी सुटली होती. रोजच्यासारखी छोटी उडी नव्हती ती. हर्षद दचकून डावीकडे सरकला. गाडीही त्याच बाजूला वळली. मग ब्रेक लागला, चाक घासल्याचा वास आला, आणि हर्षदचं डोकं तिच्या गुडघ्याशी होतं आणि मटकीची उसळ सगळ्या रस्त्यावर सांडली होती.

त्याची नडगी दोन ठिकाणी मोडली. बाकी काही नाही, थोडक्यात निभावलं, असं सगळे म्हणाले. शस्त्रक्रियेनंतर शुद्धीवर आल्यावर हर्षद पहिलं वाक्य बोलला ते असं : "तू घाबरू नकोस. गाडी बिघडली असणार."

केतकी त्याचा हात धरून रडली. ती रडत असताना तिच्या मनात एकच गोष्ट फिरत होती. तो सरकला तेव्हा गाडी वळली कशी?

इनामदारांनी तिला प्रयोगशाळेत बोलावलं. दार लावून घेतलं. पडद्यावर दोन रेघा होत्या, एक तिच्या मेंदूतल्या लाटेची, एक गाडीच्या वेगाची. एकीच्या मागोमाग दुसरी, आईमागे मूल चालावं तशी.

"गाडीत बिघाड नाही," ते म्हणाले. त्यांचा आवाज पडला होता.

"म्हणजे मी केलं?"

"तुम्ही काही केलं नाही. तुमचे हात हँडलवर स्थिर होते. लाट उठली आणि गाडी निघाली. मागून तुमचं 'नाही' आलं. हे बघा, इथे. अगदी ठणठणीत 'नाही' आहे. पण गाडी तोवर निघून गेली होती."

"मला हर्षदला मारायचं होतं?"

"तसं मी म्हणणार नाही. लाट फक्त इतकं सांगते, त्याच्याकडे झेप. मिठी मारायला की आणखी कशाला, हे यंत्राला समजत नाही. कदाचित नुसती नजर खिळली असेल. माणूस जिकडे बघतो तिकडे गाडी जाते, तुम्हाला माहीत आहे."

"कुत्र्याकडेही माझी नजर खिळली होती. तेव्हा ब्रेक लागला."

इनामदार पडद्याकडे वळले.

"बाकी कुणासमोर असं झालंय? खरं सांगा."

"नाही," ते म्हणाले. "फक्त त्यांच्यासमोर. पहिल्या आठवड्यापासून. रोज लाट उठायची आणि रोज तुम्ही ती परतवायचात. तुमच्या नकळत. गाडीला तेव्हा तुमची पुरती ओळख नव्हती, म्हणून ती नुसती उडी मारून थांबायची. जसजशी ओळख वाढली…" त्यांनी पडदा बंद केला. "केतकीताई, ऐका. अशा लाटा प्रत्येकात उठत असणार. आपण त्या कधी पाहिल्याच नव्हत्या, इतकंच. यंत्र बनवताना मी ब्रेकचा विचार केला. बाकीचा केला नाही."

केतकी घरी आली. हर्षद खिडकीशी पाय लांब करून बसला होता. त्याने विचारलं, "काय निघालं? गाडीच बिघडली होती ना?"

"हो," केतकी म्हणाली.

त्याने मोठा सुस्कारा सोडला. त्याचा तिच्यावर विश्वास बसला. पण त्याच्या अंगाचा बसला नाही. ती पाठीमागून टॉवेल घेऊन आली की त्याचे खांदे वर जात. मग तो ओशाळून म्हणे, "अगं, औषधांनी दचकायला होतं." ती कांदा चिरत असली की तो बाहेरच्या खोलीतून उगाच काहीतरी बोलत राही, आणि तिचं उत्तर आलं की गप्प होई.

केतकी स्वतःच्या हातांवर लक्ष ठेवायला लागली. ती मनात कारण शोधत होती. जेवताना तो गुणगुणतो, ते? तिच्या आईच्या आजारपणात तो एकदाच भेटायला आला, ते? तिने सगळं उकरून पाहिलं. भांडणं होती, पण ती कुणाच्या घरात नसतात? राग म्हणावा असं काही सापडेना, आणि तेच जास्त भीतिदायक होतं. कारण असतं तर ते काढून टाकता आलं असतं.

एका दुपारी तिने हर्षदला चाकांच्या खुर्चीतून गॅलरीत नेलं. चौथा मजला. खाली सिग्नल होता. खुर्चीच्या पाठीवर तिचे हात होते आणि समोर कठडा होता. आतून काही उठतंय का, म्हणून ती कान देऊन उभी राहिली. काहीच ऐकू आलं नाही. त्या दिवशीही काही ऐकू आलं नव्हतं. तिने हात काढून घेतले, शेजारी स्टूल ओढलं आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली.

"थंडी वाजते का?" हर्षदने विचारलं.

"थोडी."

मग तिचं लक्ष खाली गेलं. सिग्नल सुटला होता. स्कूटरवर सासऱ्याला मागे बसवून निघालेली सून, भावाच्या गाडीला घासून पुढे जाणारा भाऊ, पोराचा हात धरून बससमोर थबकलेली आई. सगळे एकमेकांपासून वीतभर अंतरावरून जात होते आणि कुणी कुणाला धक्का देत नव्हतं. केतकीला वाटलं, ह्या एवढ्या डोक्यांतून लाटा उठत असतील आणि विरत असतील, कुणाला पत्ताही न लागता. सगळा रस्ता मनातल्या मनात नाही, नाही म्हणत चालला होता. आणि ह्या सगळ्यांना उद्या चपळा मिळणार होती.

कंपनीचे मालक सुधन्वा देवधर स्वतः घरी आले. सफरचंदं घेऊन आले. हर्षदची विचारपूस केली, आणि निघताना केतकीला दाराबाहेर बोलावलं.

"परवा चौकशी आहे. परिवहन खात्याची माणसं असतील. मुठीतला एक सेन्सर घामाने चुकला, असं आमचे इंजिनियर सांगतील. तुम्ही दुजोरा द्यायचा. सेन्सर बदलू, गणपतीत गाडी बाजारात. तुमच्यावर ठपका नाही, तुमच्या घरात प्रश्न नाही."

"आणि खरं काय ते?"

"खरं काय ते सांगून कुणाचं भलं होणार आहे, बाई? तुमच्या नवऱ्याचं?"

तिने होकारार्थी मान हलवली आणि आत येऊन दार लावून घेतलं.

चौकशी कंपनीच्या जुन्या इमारतीत होती. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, आणि मधोमध मागचं चाक हवेत राहील अशी स्टँडवर चढवलेली चपळा. जखमी इसम म्हणून हर्षदलाही बोलावलं होतं. तो कुबड्या भिंतीला टेकवून पहिल्या रांगेत बसला होता. देवधरांच्या शेजारी त्यांची मुलगी ईरा होती. गाडीचं रूप तिनेच रेखलं होतं, आणि ती गाडीकडे लेकराकडे बघावं तशी बघत होती.

परिवहन खात्याच्या अधिकारी बाईंनी विचारलं, "घटनेच्या वेळी वाहनात बिघाड होता, हे बरोबर?"

केतकी उभी राहिली. तिने हर्षदकडे पाहिलं. त्याने तिला धीर द्यावा तशी मान हलवली.

"बिघाड नव्हता," ती म्हणाली. "गाडी बरोबर होती. मी जे करायला निघाले ते तिने केलं. मी नाही म्हटलं, पण तिने त्याच्या आधीचं ऐकलं. सेन्सर बदलून हे थांबणार नाही. ती आमचं 'नाही' ऐकूच शकत नाही, कारण तोवर उशीर झालेला असतो."

केतकीने पुन्हा हर्षदकडे पाहिलं नाही. तिला धीर झाला नाही.

देवधर सावकाश बोलले. "ह्या बाईंच्या मनःस्थितीबद्दल मला सहानुभूती आहे. पण एका व्यक्तीच्या मनात काय आहे, त्यासाठी अख्खं उत्पादन थांबवायचं का? सर्वसाधारण माणसाच्या डोक्यात असलं काही नसतं."

"तपासता येईल," इनामदार मागच्या रांगेतून म्हणाले. "स्टँडवर धोका नाही. हेल्मेटला जुजबी ओळख करून घ्यायला थोडा वेळ लागतो, बस. कुणीही बसावं. आपल्या माणसाला समोर उभं करावं."

कुणीच उठलं नाही. एकाने पाण्याची बाटली उघडली आणि न पिता बंद केली.

मग कुबडीचा आवाज झाला.

"मी बसतो," हर्षद म्हणाला. "हिला समोर उभी करा."

त्याला गाडीवर बसवायला दोघे लागले. हेल्मेट त्याला सैल होत होतं. इनामदारांनी पट्टा आवळला. वाट बघण्यात वेळ गेला. केतकी पुढच्या चाकासमोर उभी होती आणि काचेतून त्याचे डोळे दिसत होते. रोजचेच डोळे. मऊ, जरा थकलेले. तिला वाटलं, काही होणार नाही. त्याच्यात असलं काही असणंच शक्य नाही. ते एकट्या माझ्यातच आहे.

मागचं चाक फिरलं.

एकदाच, जोरात, सूं करून. टेबलावरचे कागद उडाले. मग चाक थांबलं. हर्षद हँडलकडे बघत राहिला. त्याची बोटं मुठींवर नुसती टेकलेली होती.

"साहजिक आहे," देवधर घाईने म्हणाले. "यांचा पाय मोडलाय. राग असणारच."

हर्षदने हेल्मेट काढलं आणि त्यांच्यापुढे धरलं. "माझा असेल. मग तुम्ही बसा साहेब. तुमचा तर कुणावर राग नाही."

ईरा हसत उठली. "बसा ना बाबा. होऊन जाऊ दे." ती पुढे आली आणि केतकीच्या जागी, चाकासमोर, कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

देवधरांनी हेल्मेट हातात घेतलं. आत पाहिलं. त्यांचा अंगठा एका चकतीवरून फिरत राहिला. सगळे त्यांच्याकडे बघत होते.

"बाबा?"

ते लेकीकडे बघायचं टाळत होते. ईराचं हसू अजून चेहऱ्यावर होतं, पण आता ते कुणी काढून न्यायला विसरल्यासारखं दिसत होतं. तिचे हात कमरेवरून खाली आले.

देवधरांनी हेल्मेट टेबलावर ठेवलं, उपडं. "आजचं कामकाज इथे थांबवू," ते म्हणाले.

त्यानंतर अधिकारी बाईंनी एकही प्रश्न विचारला नाही. चपळा बाजारात येणार नाही, हे खोलीतल्या प्रत्येकाला तेव्हाच कळलं. माणसं उठली, आणि दारातून बाहेर पडताना एकमेकांपासून जरा लांबूनच चालली. ईरा चाकासमोरून हलली नव्हती.

लिफ्टपाशी गर्दी झाली होती. हर्षद म्हणाला, "जिन्याने जाऊ."

"झेपेल का तुला?"

"तू आहेस ना."

दोघं जिन्याच्या तोंडाशी आली. मग केतकीने विचारलं, "चाक फिरलं तेव्हा काय वाटलं तुला?"

हर्षदने कुबडी सावरली. "काहीच नाही. तुला बघत होतो. ही साडी तुला चांगली दिसते, एवढंच मनात आलं. तुलाही तसंच झालं होतं?"

"तसंच."

त्याने एक कुबडी तिच्या हातात दिली आणि मोकळा हात तिच्या खांद्यावर टाकून सगळा भार तिच्यावर सोडला. खाली दगडी पायऱ्या होत्या, सरळ उतरत गेलेल्या, अंधुक. केतकीने त्याच्या कमरेभोवती हात घातला. आत काही उठलं की नाही, तिला कळलं नाही. ते कधी कळणारही नव्हतं. तिने मनातल्या मनात, स्वतःला ऐकू येईल असं, नाही म्हटलं, आणि त्याला घट्ट धरून पहिली पायरी उतरली.